तुर्फेना वार कापून बघते

आमच्या गावात एखाद्या पोटुशीला तुर्फेनाच्या घरावरून जायची वेळ आली, की ती कमरेचं फडकं वर ओढून पोट झाकून घ्यायची. पोट दिसायला लागण्याआधीपासून झाकायची. ही रीत कोणी पाडली म्हणाल, तर मी. बावीस वर्षं त्या बाईवर मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. तिची गोष्ट सांगताना माझी अब्रू जाणार आहे, पण आता तीही फारशी उरलेली नाही, तेव्हा सांगते.

तुर्फेना सुईण होती. उगेन्या भागातून लग्न होऊन आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिची पहिली दोन मुलं गेली. सासू सुईण, तिनं हिला हाताखाली घेऊन काम शिकवलं. पुढं सहा मुलं झाली, सहाही जगली आणि पोटापाण्याच्या मागं पांगली. नवरा वारल्यावर रीतीप्रमाणे दीर तिला घरात घ्यायला आला, तर हिनं त्याला अंगणातूनच वाटेला लावलं. "एक नवरा पुरला मला. आता जरा झोपू द्या," म्हणाली. अंगानं उंच, वाळकी, नाकात कायम तपकीर, आणि बोलणं असं की समोरच्यानं पाणी मागू नये. एकटी राहणारी, कुणाला न भिणारी बाई. अशा बाईबद्दल लोक आधीच बरं बोलत नाहीत. मी फक्त त्यांना कारण पुरवलं.

माझी पहिली मुलगी तिच्याच हातून झाली. पोर एवढीशी, की नवऱ्याच्या एका तळव्यात मावली. बाळंतपणानंतर तुर्फेनानं वार केळीच्या पानावर घेतली आणि घरामागं शेराच्या कुंपणाकडं गेली. मी भिंतीच्या फटीतून बघत होते. तिनं ओच्यातून ब्लेड काढलं, वार मधोमध चिरली, बोटांनी फाकवून उजेडाकडं धरली, नाकापाशी नेली. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि मग खड्ड्यात टाकून माती लोटली. आमच्यात वार अखंड पुरायची असते. जिथं तुमची वार, तिथले तुम्ही. तिला कुणी शस्त्र लावलं तर त्या बाईची कूस त्याच्या मुठीत गेली, असं आम्ही मानतो.

चौथ्या दिवशी पोर गेली.

मी पेरेसला सांगितलं. पेरेस माझी थोरली सवत. तिला सांगितलं म्हणजे बाजारात दवंडी पिटायचे श्रम वाचतात. संध्याकाळपर्यंत चार घरं आठवली, जिथं तुर्फेनाच्या हातून पहिलं मूल झालं आणि टिकलं नाही. "पहिलटकरणीचंच खाते ती," पेरेस म्हणाली, "कोवळं लागतं तिला."

दोन वर्षांनी मला ओगुटू झाला. रात्र अवेळी, दुसरी सुईण मिळेना, तुर्फेनालाच बोलवावं लागलं. पोरगा गलेलठ्ठ, रडून सगळं आवार गोळा केलं त्यानं. मी गोंधळले. पेरेस म्हणाली, "पोट भरलेलं असेल तिचं." मला ते पटलं. पुढं गावात अशीच वहिवाट पडली. पहिल्या खेपेला परगावची सुईण, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तुर्फेना, कारण हात तिचाच चांगला. परगावच्या सुईणीच्या हातूनही पहिली मुलं जातच होती. तेव्हा आम्ही म्हणायचो, हिची नजर तिथवर पोचली. संशयाला काहीही खाऊ घाला, पचतं.

मग सरकारनं घरी बाळंतपणं करायला बंदी केली. तुर्फेना पोटुश्यांना दवाखान्यात पोचवायला लागली आणि दर गुरुवारी, तपासणीच्या दिवशी, तिथल्या आंब्याखाली बाकावर बसायला लागली. त्याच सुमाराला मी आरोग्यसेविका झाले. निळा सदरा, दप्तर, घरोघर फिरून गरोदर बायकांची नावं लिहायची. लोकांना वाटलं मला सेवेची हौस. खरं म्हणजे मला त्या बाकाच्या समोरची खुर्ची हवी होती.

त्यानंतर शहरातून डॉक्टरांचं एक पथक आलं. गरोदर बायकांचं रक्त घेणार, आणि बाळंतपणानंतर वारेचा नखाएवढा तुकडा. बाकीची वार पिशवीत घालून पुरायला परत. गावानं लगेच ठरवलं की रक्त परदेशात विकतात. चावडीवरच्या सभेत तुर्फेना काठी टेकत उठली.

"वारेत काय बघता तुम्ही?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, ते जरा अवघड आहे, सांगू पुढं."

"अवघड काय त्यात? रंग बघता का?"

सगळे हसले. मी हसले नाही. म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. हिला भीती पडलीय, आपलं काम आता दुसरं कोणीतरी बघणार.

आम्हा सेविकांना शिक्षण दवाखान्यातल्या सिस्टर एडिटानं दिलं. ती सांगायची ते मी वहीत उतरवून घेतलं होतं, अक्षर न् अक्षर. डासाचा ताप आणणारे जंतू आपण लहानपणापासून अंगावर काढतो, म्हणून मोठेपणी फारसा ताप येत नाही. रक्तात त्यांच्याशी लढणारी हत्यारं तयार झालेली असतात, प्रतिपिंडं म्हणतात त्यांना. पण बाई पोटुशी राहिली की जंतू नवं सोंग घेतो आणि वारेत जाऊन चिकटतो. ते सोंग अंगानं कधी पाहिलेलं नसतं, कारण वारच कधी नव्हती. जुनी हत्यारं तिथं चालत नाहीत. बाईला ताप नाही, कणकण नाही, आणि आत वारेत जंतूंचं मोहोळ. बाई पांढरी पडते, मूल वाळतं. पुढच्या खेपेपर्यंत अंग ते सोंग ओळखायला शिकतं, नवी हत्यारं करतं, आणि दुसरं-तिसरं मूल वजनदार होतं.

"म्हणजे पहिलटकरणीला सगळ्यात धोका," सिस्टर म्हणाली. "त्यांना गोळ्या चुकता कामा नयेत. तीन गोळ्या एकदम, माझ्या डोळ्यांसमोर, दर महिन्याला."

मी हे लिहिलं, पाठ केलं, चाळीस घरांत जाऊन सांगितलं. सांगताना कधी माझी पहिली मुलगी डोळ्यांसमोर आली, तर मी लगेच ते ब्लेड आठवायची. जंतूचं जंतूपाशी. पण ब्लेड कशाला लागतं?

ओगुटूनं क्विंटरला लग्न करून आणलं. सरोवराकाठच्या गावातली मुलगी, मासे वाळवण्यात हात चलाख, हसरी. डास अंगावर घेतच वाढलेली, त्यामुळं ताप म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. दिवस राहिले तेव्हा पहिलं काम मी काय केलं, तर तिला सांगितलं, "पोट झाक. आणि त्या तुर्फेनाच्या सावलीला उभी राहू नकोस."

"का हो आई? काय करतात त्या?"

"कापतात," मी म्हटलं. पोरीनं पुन्हा विचारलं नाही.

पहिल्या तीन गोळ्या तिनं एका गुरुवारी सिस्टरसमोर गिळल्या. बाहेर आलो तर तुर्फेना बाकावरून उठून सरळ आमच्याकडं. मी मध्ये पडायच्या आत तिनं क्विंटरचा खालचा डोळा अंगठ्यानं ओढून पाहिला, तळवे उलटे करून पाहिले.

"पांढरी आहे ही," ती म्हणाली. "कितवा महिना?"

"तुला कशाला पाहिजे?" मी क्विंटरला मागं ओढलं. "महिने मोजून काय, ताट मांडून बसणार आहेस?"

तुर्फेनानं तपकिरीची चिमूट नाकात घातली आणि म्हणाली, "ओगुटूच्या आई, तुझा सदरा निळा आहे, पण डोकं अजून पेरेसचंच आहे."

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. गुरुवारी ही बाई बाकावर असणार, म्हणजे गुरुवारी क्विंटर दवाखान्यात जाणार नाही. पुढच्या महिन्यात सिस्टरनं विचारलं, "सून कुठाय?" मी म्हटलं, "माहेरी गेलीय, तिकडच्या दवाखान्यात जाते." त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मी, जी चाळीस घरांत सांगत फिरत होते की ताप नसला तरी गोळ्या घ्या, मी माझ्या सुनेला म्हणाले, "ताप नाही ना? मग बस घरात. मच्छरदाणीत झोप, पेज पी."

ती पीत होती बिचारी. नाचणीची, ज्वारीची, मी देईन ती.

आठव्या महिन्यात ती पाणवठ्यावर डबा उचलताना बसली ती उठेना. ओठ खडूसारखे. मी म्हटलं, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, भर दुपारी तुर्फेना आमच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. आवारात पाऊल टाकलं नाही. बाहेरूनच ओरडली.

"ओगुटूच्या आई! ती पोरगी पाणवठ्यावर पडली म्हणतात. तिला घेऊन जा दवाखान्यात. आज. उद्या नाही."

मी अंगणात आले. पेरेसही आपल्या दारात येऊन उभी राहिली, ऐकायला.

"तुझी नजर पडली म्हणूनच पडली ती," मी म्हटलं. "बावीस वर्षं गप्प बसले, आज विचारते. माझ्या पोरीची वार तू का चिरलीस? मी बघितलं होतं. भिंतीतून."

मला वाटलं नाकारेल. ती म्हणाली, "सगळ्यांचीच चिरते."

"का?"

"काळी आहे का बघायला." ती कुंपणाला टेकली. "काळी निघाली की पोर बारीक असतं, जगत नाही बहुतेक. लाल निघाली की जगतं. पहिल्या खेपेला काळी, पुढच्यांना लाल. माझ्या पहिल्या दोन्ही काळ्या होत्या. सासूला विचारलं का असं, तर तिनं थोबाडीत दिली. म्हणून मीच बघत राहिले. का होतं ते आजवर कळलं नाही. त्या डॉक्टरला विचारलं, तर तुम्ही सगळ्या फिदीफिदी हसलात."

"आणि माझी?"

"डांबर."

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मीच काळी केली." तिनं काठी उचलली. "त्या पोरीचे डोळे तसलेच आहेत. मला शिव्या मागून दे. आधी गाडी बोलाव."

मी आत गेले, वही काढली आणि उभ्याउभ्याच वाचली. ताप नाही. पांढरी पडते. मूल वाळतं. अक्षर माझं होतं. ओगुटूनं मोटारसायकलवाला आणला, क्विंटरला मध्ये धरून मी मागं बसले.

मूल त्याच संध्याकाळी आलं. मुलगा. चौदाशे ग्रॅम. क्विंटरला दोन बाटल्या रक्त चढवलं, ती वाचली. सिस्टर एडिटानं वारेचा तुकडा काढून बाकीची मला दाखवली. चुलीवरच्या भांड्याचं बूड असावं तशी होती. मग तिनं क्विंटरचं कार्ड उघडलं.

"एकच डोस," ती म्हणाली. "माहेरच्या दवाखान्यात शिक्का मारत नाहीत का, ओगुटूच्या आई?"

मी वारेच्या पिशवीची गाठ पुन्हा आवळायला लागले. ती कार्ड मिटून पुढच्या खाटेकडं गेली. तिला कळलं होतं.

पोर दोन दिवस जगलं.

तान्ह्याला आमच्यात बायकाच पुरतात, घरामागं, फारसा गाजावाजा न करता. पण त्या दिवशी आवार पुरुषांनी भरलं. ओगुटूबरोबर होड्यांवर काम करणारी सात-आठ माणसं होती, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. मी पेरेसकडं पाहिलं. ती छाती बडवत सांगत होती, "मंगळवारी इथं उभी होती ती! या कुंपणाशी! मी या डोळ्यांनी बघितली. 'डोळे तसलेच आहेत' म्हणाली पोरीचे. मंगळवारी बोलली आणि त्याच संध्याकाळी कळा आल्या!"

सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता, आणि असा हिशेब करायला तिला मीच शिकवलं होतं.

ओगुटू माझ्यासमोर आला. डोळे लाल. "आई, तू नेहमी म्हणायचीस ना? आज सांग. तीच ना?"

क्विंटर दाराला टेकून बसली होती, खांद्यावर फडकं, छातीत दूध दाटून कपडा ओला. मला अजून आठवतं, मी क्षणभर विचार केला. नुसतं गप्प राहिलं तरी पुरेल. कुणी मला विचारणार नाही. सिस्टर गावात येत नाही, आणि तुर्फेनाचं ऐकतं कोण? घर जळेल, म्हातारी उगेन्याला निघून जाईल किंवा जाणार नाही, आणि माझी सून मला आई म्हणत राहील. हा विचार मी केला. केला नाही असं म्हणणार नाही.

"ती नाही," मी म्हटलं.

"मग कोण?"

"मी. तिच्या गोळ्या मी चुकवल्या. दोनदा. तुर्फेना बाकावर असते म्हणून हिला नेलं नाही, आणि सिस्टरला सांगितलं माहेरी गेलीय. मला माहीत होतं पहिलटकरणीला काय होतं. वहीत लिहिलेलं आहे. ती बाई तर हिला दवाखान्यात ने म्हणून सांगायला आली होती."

"आई, तू शुद्धीवर नाहीस," ओगुटू म्हणाला.

"आहे. आणि तुझी बहीणही तिनं खाल्ली नव्हती. ते मी उठवलं."

रॉकेलवाल्यानं डबा खाली ठेवला, मग उचलून काखेत धरला आणि निघून गेला. बाकीचेही एकेक करत पांगले. पेरेस म्हणाली, "दुःखानं बरळतेय," आणि आत गेली. क्विंटर मात्र माझ्याकडं बघत होती. मी संध्याकाळी पेजेचा वाडगा तिच्यापुढं ठेवला, तर तिनं तो हुंगला, आणि खाली ठेवला.

आठवड्यानं ती माहेरी गेली. या वेळी खरीच.

मी तुर्फेनाकडं गेले. वाटलं होतं पाया पडेन, ती उठवेल. ती अंगणात मासे निवडत होती.

"बावीस वर्षं," मी म्हटलं, "मी तुझ्यावर..."

"मोजलीत मी," ती म्हणाली. "माफी वगैरे मागू नकोस, मला ती द्यायची नाही. तुझ्या वहीत काय आहे ते वाचून दाखव. काळी का होते ते."

मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले आणि वाचून दाखवली. जंतूचं सोंग, हत्यारं, पहिली खेप, दुसरी खेप. ती मान खाली घालून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "म्हणजे माझ्या पहिल्या दोघांत मी काही चुकले नव्हते." मी म्हटलं, नाही. तिनं मासे बाजूला सारले आणि फडक्यानं डोळे पुसले. सत्तरीच्या बाईला मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

क्विंटर वर्षानं परत आली. ओगुटूनं कशी समजूत घातली मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पुन्हा दिवस राहिले तेव्हा ती आपणहून तुर्फेनाकडं गेली. दर गुरुवारी दोघी दवाखान्यात जायच्या. मी वीस पावलं मागून चालायची, कारण कार्ड धरायला क्विंटर मला देत नव्हती. पथकानं तिचं रक्त घेतलं, आणि पुढच्या तपासणीला सिस्टर एडिटानं सांगितलं, "या वेळी हत्यारं आहेत हिच्या रक्तात. चांगली आहेत. पहिल्या बाळाच्या वेळी झालेली." क्विंटर म्हणाली, "म्हणजे त्यानं ठेवली?" सिस्टर म्हणाली, "तसं म्हण हवं तर. पण त्यांच्यावर भरवसा टाकून बसायचं नाही. गोळ्या घ्यायच्याच." क्विंटरनं तीनही गोळ्या तळहातावर घेतल्या, पाकिटावरचं नाव वाचलं, तुर्फेनाला दाखवलं आणि मग गिळल्या. मी बाकावर बसून पाहत होते.

मुलगी झाली. तीन किलो दोनशे. वार पिशवीतून घरी आली तेव्हा तुर्फेनानं ती सगळ्यांसमोर, भर अंगणात चिरली आणि पेरेसच्या नाकापुढं धरली. "बघ. लाल." पेरेस दोन पावलं मागं सरली. मग आम्ही ती पुरली.

मी हात धुऊन दाराशी उभी राहिले. आत जायचं धाडस होत नव्हतं. क्विंटरनं बराच वेळ मला तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "या, घ्या तिला."

मी पोरीला उचललं. वजनदार होती, गरम होती. उजेडात तोंड बघावं म्हणून मी दाराकडं एक पाऊल टाकलं.

"तिकडं नाही, आई," क्विंटर म्हणाली. "इथंच. मला दिसेल असं."

मी तिथंच खाली बसले, तिच्या खाटेसमोर, आणि दोन्ही हात तिला दिसतील असे ठेवले.